सेठानीचा निळा अन् माही जाऊ

माही जाऊ यमुनाबाई कोनाच्या मयतीले गेली तरी पहिले त्या घरच्या भिंतीले नख लावे. बाकीच्या बाया तोंडाले पदर लावून रडत असत, अन् ही कोपऱ्यात बसून हळूच भिंत खरवडून पाहे. पोपडा निंघाला का माह्या कानात सांगे, "चुना कच्चाच विझवला वं यायनं." मी तिले कोपरानं ढोसलं का म्हने, "गेलेलं मानूस तर गेलं. भिंत तर इथंच राहून राहिली ना?"

एकदा आमी सोयरिकीसाठी बोरगावले पोरगी पाहाले गेलो. परत आल्यावर घरच्यायनं इचारलं, कशी आहे पोरगी? यमुनाबाई म्हने, पोरगी ठीकच आहे, पन बैठकीच्या चुन्यात नीळ जास्त झाली. पुढे ती सोयरीक मोडली. निळीपाई नाही मोडली, पन तिले आखरीपर्यंत तसंच वाटे.

तिचं एक बोलनं होतं, "वाळू दे, मंग बोल." ओल्या चुन्याचा रंग एक दिसते अन् वाळल्यावर दुसराच निंघते, हे तिले पक्कं ठाऊक. पन हे बोलनं ती चुन्यापुरतं ठेवेच ना. गल्लीत कोनाची नवी सून आली, साऱ्याईनं म्हनावं का लय गुनाची आहे, तर ही म्हने, वाळू द्या, मंग बोला. ज्या दिवशी तहसिलीवर झेंडा लागला, इंग्रज गेला म्हनून पोराईले गोड वाटलं, त्या दिवशी माहे मालक नाचतच घरी आले. ही दारात उभी. म्हने, "भाऊजी, अजून ओला आहे. वाळू द्या, मंग बोला." मालक दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

आमी सौंसरले राहत होतो. एकाच घराचे दोन भाग, मधात मातीची भिंत. इकडे आमी, तिकडे यमुनाबाई अन् माहे भासरे, म्हनजे माह्या मालकाचे मोठे भाऊ. भासरे तहसिलीत कारकून. खाली मान घालून लिहनारं मानूस, घरातही खाली मान घालूनच बसे. माह्या मालकाकडे शेत होतं, बोरगावच्या रस्त्यानं, थोडी पऱ्हाटी अन् थोडी संत्र्याची झाडं. मले पाच लेकरं. यमुनाबाईले एकही नाही. एवढं सांगून ठेवलं का पुढचं समजन.

मी तिच्यावर जळत होती. आता म्हातारपनी लपवाचं कायले? तिचे हात पाहून जळत होती, मऊ होते. ती दुपारी आडवी होई ते पाहून जळत होती. तिच्या घरी दिवाळीले काहाडलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत तशीच राहे, माह्या घरी पोरं पाय देऊन मोकळी होत. लोक म्हनत, बिचारीले लेकरू नाही. मी मनात म्हनो, बिचारी तर मी आहो. पाच जनाईची भाकर थापता थापता माह्या हाताच्या रेघा मिटल्या.

त्यात एक साल असं आलं का संत्र्याचा बहार गळून गेला अन् कापसानंही दगा देला. दोनच लुगडे होते, एक अंगावर, एक दोरीवर. दोरीवरचं फाटलं तवा अंगावरचं धुवून ओलंच नेसलं. त्या साली भासऱ्याईच्या घरची ज्वारी आमच्या चुलीवर शिजली. यमुनाबाईनं कधी तोंडानं काहाडलं नाही. सूप भरून आने, ओट्यावर ठेवे, अन् जाता जाता भिंतीकडे पाहून म्हने, "इकडच्या कोन्याले ओल धरून राहिली, सरू." तिनं ज्वारी देल्ली ते मले खुपलं. नसती देल्ली तरी खुपलं असतं.

मंग सेठानीचं घर झालं.

संत्र्याचा एक व्यापारी होता, माल रेल्वेनं दूरदूर पाठवे. त्यानं बाजाराच्या रस्त्यावर पक्कं मकान बांधलं अन् आतून रंगवाले नागपूरहून पेंटर आनले. संक्रांतीले सेठानीनं साऱ्या बायाईले हळदीकुंकवाले बोलावलं. आमी दोघी गेलो. सेठानी कुंकू लावाले समोर आली, अन् यमुनाबाईनं तिच्या खांद्यावरून भिंत पाहाले मान वाकडी केली. कुंकू भुवईवर लागलं. तशीच भुवई घेऊन ती भिंतीपाशी गेली.

रंग निळा होता. पन तसा निळा आमी पाहलाच नव्हता. आमाले ठाऊक असलेला निळा म्हनजे कपड्याच्या निळीचा, नाहीतर पोळ्याले बैलाच्या शिंगाले लावते तो. डोळ्यात घुसनारा. हा तसा नव्हता. जवसाचं फूल सकाळी उमलते ना, त्याच्या बाजूनं गाडी गेली अन् फुलावर धूळ बसली, असा. निळा असून चूप बसलेला. यमुनाबाईनं तळहात फिरवला. हाताले काही लागलं नाही. आमच्या चुन्याच्या भिंतीले टेकलं का पाठ पांढरी होऊन निंघे.

सेठानी म्हने, हा मुंबईचा डिब्बा आहे, याचं नाव इंग्रजीत आहे, पेंटरच घोटून देते. अन् मंग हसून म्हने, तुमच्या मातीच्या भिंतीले हा नाही चालत, बाई. यमुनाबाई एवढंच म्हने, "पाहू." वान तिथंच इसरून आली.

भासऱ्याईनं नागपुरात त्या डिब्ब्याची चौकशी केली. आल्यावर त्यायनं पानी मागतलं अन् म्हने, एका डिब्ब्यात महिन्याचा पगार जाते. यमुनाबाई म्हने, डिब्बा नाही तर नाही. डिब्ब्यात काही आभाळ भरत नसन. जे भरते ते इथं भेटन.

त्याच हिवाळ्यात ती माह्या चुलीपाशी येऊन बसली. माही तिसरी पोरगी शांती तवा सात वर्षाची. ती तशीही दिवसभर तिकडेच राहे. मोठी माय, मोठी माय करे. आमच्याकडे मोठ्या काकूले पोरं मोठी माय म्हनते. मी एक भाकर थापली, दुसरी थापाले घेतली, तवा ती बोलली.

"सरू, शांतीले मले देशीन का? कायमची."

मालक अंगनात दोर वळत होते. तेच तिथून बोलले, का देल्ली, पाचातली एक, अन् जाते कुठं, भिंतीच्या पलीकडे. मी काय बोलू? चुलीवर शिजून राहिली ती ज्वारी तिचीच. मी म्हनलं, "तुमच्या मनाले येईन तसं, बाई."

ती म्हने, आताच नाही नेत. माह्या खोलीचा चुना रातदिवस झडते, पोरीच्या डोक्यात पडन, तिचे केस आताच पांढरे दिसतीन. पहिले खोलीले सेठानीचा निळा लावतो, मंग नेतो.

म्हनजे रंग जमला का माही पोरगी गेली. रंग नाही जमला तोवर माही. हे मी त्या दिवशी मनात पक्कं बांधून घेतलं, अन् त्या दिवसापासून यमुनाबाईचा एक एक रंग बिघडला का मले दोन घास जास्त जात.

पहिले तिनं चुन्यात कपड्याची नीळ घातली. वाळल्यावर भिंत अशी निंघाली का दारात उभं राहलं का पोळ्याचे बैल आठवत. मी म्हनलं, झूल घाला आता. ती हसली. तिले टोमना लागेच ना, हेही मले खुपे. मंग रंग चूप करावा म्हनून तिनं त्यात चुलीची काजळी घातली. भिंत म्हशीच्या पाठीसारखी झाली. राख घातली, तर मेलेल्या कोंबडीसारखी. चुना अंगाले लागू नये म्हनून बाभळीचा डिंक भिजवून घातला. डिंक जास्त झाला अन् भासऱ्याईची टोपी भिंतीले चिकटली. ते मानूस टोपी तिथंच ठेवून तहसिलीत गेलं.

साऱ्यात मोठी गंमत मोरचुदाची. संत्र्याच्या झाडाले डिंक्या लागते, बुडातून डिंक गळून झाड वाळते. त्याले इलाज म्हनून मोरचूद अन् चुना कालवून बुडाले लावते. कालवल्यावर तो असा निळा होते का पाहात राहावं. यमुनाबाई एकदा आमच्या शेतात आली, झाडाच्या बुडाकडे पाहलं, अन् म्हने, "अवं, हा तर इथंच होता."

शेतासाठी आनलेला मोरचूद ती घरी घेऊन गेली. झाडवाल्या मानसाले ठाऊक असते का मोरचूद मडक्यात नाहीतर लाकडाच्या टिपात कालवाचा. हिनं लोखंडाच्या बादलीत कालवला. दोन दिवसात बादलीच्या बुडाले चाळनीसारखी भोकं पडली. पन भिंत? भिंत सेठानीच्या वर निंघाली. गल्ली पाहाले आली. मी शांतीचे दोन झंपर धुवून, घडी करून ठेवले, का आता नेईन.

यमुनाबाई म्हने, थांब, वाळू दे. ती तिसऱ्या हप्त्यापर्यंत थांबली. अन् भिंत हिरवी पडाले लागली. पहिले कोन्यातून, मंग साऱ्या अंगावर, डबक्यातल्या शेवाळावानी. खोलीत मुंगी येईना का माशी बसेना. लोक म्हनत, यमुनाबाईच्या भिंतीले आता डिंक्या होत नाही. पन तिकडे आमच्या झाडाईले मोरचूद लागलाच नाही, त्यातली दोन वाळली. मालक तिच्यासमोर काही बोलले नाही, माह्यासमोर लय बोलले. मले झाडाईचं दुःख झालं, खोटं नाही बोलत. पन झंपर मी परत दोरीवर टाकले.

आता तिची खोली गोधडीसारखी दिसे. लहानमोठे ठिगळ, एकाच्या बाजूले एक. शांतीनं त्याईले नावं ठेवली होती. हा शिंगाचा, हा म्हशीचा, हा पोपटाचा. पोरगी घरी जेवाले येई तवा तिची बोटं निळी. मी राखेनं घासो. एकदा इतकी घासली का पोरगी रडली. म्हने, "माय, निळा काही घान नाही." मी तिले मारलं. त्या वक्ती मले वाटे का ती बोटं माही नाहीच.

यमुनाबाई खचली नाही. तिनं ताकात चुना भिजवून पाहला. तांदळाची पेज घालून पाहली. मंग जवसाच्या तेलाचे थेंब घातले, अन् तिथं तिले वाट सापडली. भिंतीले टेकलं तरी अंगाले रंग लागेना. फक्त निळा तेवढा अजून बोंबलत होता. ती म्हने, आता याले चूप बसवनारं काही भेटलं का झालं. शांती तिच्या बाजूले बसून मडक्यात काडी फिरवत होती. दोघीचे डोके जवळ जवळ. मले तिकडून कोनी हाकही मारली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. यमुनाबाई शांतीचं बोट धरून बाजारात गेली. दुपारची वेळ, घरात कोनी नाही. मी तुळशीचा ओटा सारवाले गेरू भिजवला होता. तांबडा गेरू, मूठभर टाकला तर साऱ्या निळ्याचा चिखल होईन. मी तिच्या खोलीत गेली. मडक्यावर फडकं बांधलं होतं, ते सोडलं. एक मूठ टाकली. मंग अजून एक टाकली. काडीनं फिरवलं अन् फडकं बराबर तसंच बांधलं. जन्मात मी कोनाची काडी उचलली नव्हती.

ती आली. फडकं सोडलं. ओला रंग गढूळ दिसत होता, पुराच्या पान्यावानी. शांती रडाले लागली. यमुनाबाई पाहात राहिली, मंग तिनं एक ठिगळ भिंतीवर लावलं अन् खाली बसली. मी दारात उभी. मले वाटलं आता शिव्या देईन, अन् मले त्या पाहिजेही होत्या.

ऊन उतरलं तशी भिंत वाळली. अन् ते ठिगळ, काय सांगू, ते सेठानीच्या बैठकीतून कापून आनून लावल्यावानी दिसत होतं. जवसाचं फूल अन् त्याच्यावर धूळ. तीच धूळ.

यमुनाबाईनं मान वळवली अन् माह्याकडे पाहलं. तोंडाकडे नाही, हाताकडे. माह्या नखात गेरू होता. मी हात पदरात घेतला. ती म्हने, "शांती, रडू नोको, पाह्य, जमला."

चार दिवसात तिनं सारी खोली रंगवली. लोक पांढुर्ण्याहून पाहाले आले. सेठानी आली, तिनंही तळहात फिरवला, अन् तिचं तोंड उतरलं. म्हने, हा डिब्बा कुठून आनला? यमुनाबाईनं साऱ्याईसमोर सांगतलं, "डिब्बा कायचा? चुना, नीळ, जवसाचं तेल. अन् गेरूची अक्कल माह्या जावेची आहे. सरूची." साऱ्या बाया माह्याकडे वळल्या. सेठानी म्हने, तुमी दोघी जावा मोठ्या हुशार. त्या दिवशी त्या खोलीत सेठानी तिच्यावर जळत होती अन् मीही जळत होती, फरक एवढाच का सेठानीले कोनी शाबासकी देत नव्हतं.

मंग दिवस ठरला. पोळा झाल्यावर शांतीची गोधडी पलीकडे जाईन, असं. मी हो म्हनलं. मी कधी नाही म्हनलंच नव्हतं.

पन तवाच मुलूख वाटाची गडबड सुरू झाली. छप्पन सालची गोष्ट. नागपूर तिकडे मुंबईच्या राज्यात गेलं, आमी इकडे राहलो. आमचे सोयरे तिकडे, बाजार तिकडे, बोली तिकडची, अन् दफ्तर आता भोपाळचं. मानसं चौकात उभे राहून भांडत. यमुनाबाई म्हने, नकाशावरची रेघ ओली आहे अजून. पन सरकारी कागद लवकर वाळते. भासऱ्याईचा तबादला आला. भोपाळच्याही पलीकडे. ते मानूस कागद हातात घेऊन ओट्यावर बसलं, मान तशीच खाली.

आता पोरगी भिंतीच्या पलीकडे जानार नव्हती. एक रात अन् एक दिवस रेल्वेनं जानार होती. मालक म्हने, शब्द देल्ला आहे. मी म्हनलं, देल्ला आहे. मी तिचे झंपर बांधले, एक फनी टाकली, भुईमुगाचे लाडू टाकले. डोळ्यातून पानी काहाडलं नाही. मायच्या घरून निंघाली तवाही नव्हतं काहाडलं. शांती खुशीत होती. तिले रेल्वेत बसाचं होतं.

सौंसरहून मोटारीनं आमी सारे पांढुर्ण्याले गेलो. टेसनावर भासरे सामानापाशी बसले. यमुनाबाईनं शांतीले अन् माह्या मालकाले लोटा घेऊन पान्याले पाठवलं. नळ तिकडे दूर होता. मंग माह्याजवळ आली. शांतीचं गाठोडं उचलून माह्या पायाशी ठेवलं.

"सरू, तू मडक्यात गेरू टाकला ना, त्याच दिवशी मले समजलं. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी तू बोलत नाही. अन् तुले चोरून माह्या मडक्यात हात घालावा लागला. पोरगी तुही आहे. ठेव तिले."

मी म्हनलं, बाई, शब्द देल्ला आहे. ती म्हने, शब्द भाऊजीनं देल्ला, तू कुठं देल्ला?

गाडी आली. पांढुर्ण्याले ती जास्त वेळ थांबत नाही. सामान चढलं, भासरे चढले, ती चढली. शांती लोटा सांडत धावत आली. यमुनाबाई खिडकीतून तिले म्हने, "तिकडच्या घराले रंग नाही शांती, नुसता चुना आहे. रंग झाला का बोलावतो तुले." पोरगी गाडीसोबत थोडी पळाली. मंग उभी राहिली. तिगावच्या बाजूले धूर दिसत राहिला, तोवर तिनं लोटा खाली ठेवला नाही.

त्या दिवशी मी जिंकली होती. मोटारीत शांती माह्या मांडीवर झोपली, अन् मले काही आनंद झाला नाही. झोपेत ती मोठी माय म्हने.

भासऱ्याईचे कागद येत. मालक वाचून दाखवत. सारी खुशाली, अन् शेवटी एक ओळ यमुनाबाईची, का शांतीले सांगा, रंग अजून झाला नाही. दुसऱ्या साली, नीळ इकडे बराबर भेटत नाही. तिसऱ्या साली, जवसाचं तेल चांगलं नाही. शांती पहिले पहिले रोज इचारे. मंग चिडाले लागली, का मोठ्या मायले एवढा काय उशीर लागते, तिले तर सारं येते. मंग तिनं इचारनं सोडलं. मोठी झाली. बोरगावले देल्ली. तिले दोन लेकरं झाली.

भासरे वारले तवा मालक अन् मी तिकडे गेलो. तोवर माहेही केस पांढरे झाले होते, चुन्याशिवाय. यमुनाबाई वाळून काडी झाली होती. आमाले पाहून रडली नाही, म्हने, या, आंग धुवा, पानी तापलेलं आहे. घर दोन खोल्याईचं. पुढची खोली साध्या चुन्याची. मागच्या खोलीचा दरवाजा मी लोटला.

निळी होती. सेठानीचा निळा, जसाच्या तसा. अन् तो काही आता मारलेला हात नव्हता. खिडकीच्या बाजूनं उन्हानं उतरलेला, वरच्या कोन्यात जाळं धरलेला. लय जुना हात होता. एक लहान बाज, तिच्यावर धुतलेली गोधडी. बाजेची दोरी जरा म्हनून ढिली झाली नव्हती.

दरवाज्याच्या बाजूले भिंतीत एक खुंटी होती, माह्या कमरेच्या जराशी वर. तिच्यावर काहीच टांगलेलं नव्हतं.

"बाई, ही खुंटी इतकी खाली काऊन?"

ती तिकडे चहा गाळत होती. म्हने, "ठोकनाऱ्याचा हात चुकला."

जिनं एका निळ्यापाई भिंतीची गोधडी करून टाकली, ती चुकलेली खुंटी इतके साल भिंतीत राहू देनार नाही. सात वर्षाच्या शांतीचा हात कुठपर्यंत पोचे, हे मले, तिच्या मायले, आठवत नव्हतं. यमुनाबाईले ठाऊक होतं. माह्या आंगाची पुन्हा आग झाली, पहिल्यासारखीच.

मी वाकली, माही पिशवी त्या खुंटीले अडकवली, अन् चहा घ्याले तिच्या बाजूले जाऊन बसली.